शरयूबाईंनी कुडी घासली

मंडळी, एक विचारतो. माणूस वस्तू घासतो ती कशासाठी? ती स्वच्छ व्हावी म्हणून — की ती दुसऱ्यानं मळवली होती, हे चारचौघांत दिसावं म्हणून? माना डोलवू नका! डोलणारी मान उत्तर देत नसते. ऐका.

अलिबागेतलं टिपणिसांचं घर. थोरल्या सूनबाई शरयूबाई. घरात पिढीजात हिऱ्यांची कुडी, आणि रीत अशी, की साखरपुड्यात थोरल्या सुनेनं ती नव्या सुनेच्या कानांत आपल्या हातानं घालायची. मोठा मान! लेक पाळण्यात होता तेव्हापासून शरयूबाई त्या मानावर डोळा ठेवून!

सासूबाई, म्हणजे माई, राहायच्या धाकट्या सुनेकडे, नलूकडे. कुडीही तिथंच. लेकाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी माईंनी डबी हातात दिली. शरयूबाईंनी उघडली, तर हिरे जरा मंद. काय आनंद झाला म्हणून सांगू बाईंना!

"बघा, नलूनं तेलाघामानं कशी वाट लावलीय!"

सोनाराकडे जावं? छे! मोबाईलवर बघितलं होतं ना — हिरे घरच्या घरी लखलखतात! कोमट पाण्यात खायचा सोडा, वर व्हिनेगर. फसफसून फेस आला! "अगबाई, केवढा हा मळ!" अहो बाई, सोड्यात व्हिनेगर ओतलं की रिकाम्या वाटीतही फेस येतो! पण दुसऱ्याचा मळ शोधणाऱ्याला फेससुद्धा पुरावा वाटतो. मग पुदिन्याची टूथपेस्ट, जुना ब्रश — खसाखसा, खसाखसा! स्वतःचे दात कधी इतके घासले नसतील.

पण जुनी कुडी म्हणजे बंद कोंदण, मंडळी. हिऱ्याच्या पाठीशी चकचकीत वर्ख असतो, त्याच्या जोरावर हिरा हसतो. पाणी आत शिरलं, वर्ख काळवंडला. सकाळी डबी उघडली, तर हिरे — भिजवलेल्या मिऱ्यांसारखे!

अजून वेळ होता, बरं का. "माई, चुकलं माझं," एवढंच म्हणायचं होतं. पण मग हातचा मान गेला तर?

पाटावर नवी सून, केतकी. डबी उघडली. विहीणबाई वाकून बघतात, "अगं, काळे खडे?"

शरयूबाई तयारच! "काय सांगू विहीणबाई, आमच्या जाऊबाईंकडे होती ना. जपणं म्हणून नाही!"

नलू पांढरीफटक. "ताई, अहो, मी तर कोरड्या मलमलीनंच पुसायची..."

"असू दे हो आता!" म्हणत शरयूबाईंनी कुडी केतकीच्या कानाशी नेली. आणि ती गुणी पोर सासूलाच म्हणते, "आई, कुडीला पुदिन्याचा वास येतोय!"

हसलात? तिथं कुणी हसलं नाही! माईंनी कुडी घेतली, नाकाशी धरली, आणि थोरल्या सुनेकडे बघितलं.

"वर्ख काय, सोनार नवा बसवील गं शरयू," माई म्हणाल्या. "नलू, पुढं ये. पोरीच्या कानांत तू घाल."

नलूनं घातली. आणि नव्या सुनेला ती दिसावी म्हणून समोर आरसा धरायचं काम कुणाच्या वाट्याला आलं? शरयूबाईंच्या!

आता तुमचं बघू. भावाचा, जावेचा, शेजाऱ्याचा मळ काढता काढता कायकाय काळं करून ठेवलंय घरात? आणि ते आज कुणाच्या नावावर खपवताय? अहो तिसऱ्या रांगेतल्या ताई, कानांवरून पदर कशाला ओढताय? मी दागिन्यांबद्दल बोलतच नाहीये!