वच्छलेचा साखरेचा च्या

न्हाय, तुमीच सांगा, त्या कावळ्याला काय धाड भरली हुती? दहाव्याला ओढ्याकाठी आमच्या वच्छलेचा पिंड ठिवलेला, मी नवरा हात जोडून हुबा, आन ह्यो गडी लायटीच्या तारंवर बसून मान तिरकी करून बघतोय! मेव्हणा म्हणला, "आक्के, तुझी शेळी इकणार न्हाय." आला न्हाय! आमचा अजिंक्य जपानात नोकरीला, त्येनं फोनवरनं सांगितलं, "आई, आप्पांना अंतर देणार न्हाय." तरी न्हाय! भटजी म्हणले, "रामहरी, एखादी इच्छा राहिली असेल, आठवा."

आठवली की! पण चारचौघांत सांगू कसं? तिला शुगर, डॉक्टरांनी साखर बंद केलेली, आन साखरंचा डबा माझ्या ताब्यात. शेवटच्या सकाळी म्हणली, "आवं, आज च्यात एक चमचा घाला की." मी खेकसलो, "मरायचंय का तुला?" ...आन दुपारी गेलीच की वो! घालायचा हुता एक चमचा. पण मी शाणा! पिंडापुढं त्येवढं बोलायला तोंडच उघडंना. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला, लावला पिंडाला, उरकलं. पण माझी वच्छी गेली कुटं, एवढंच सांगा की!

भटजींना इचारलं. म्हणले, "आत्मा अमर. वासना राहिली तर फिरून जन्म." कुणाच्या घरी? हितं मोडनिंबात, का तिकडं केमला? आन त्या घरात तिला साखर घालत्यात का? म्हणले, "ते कर्मावर आहे." घ्या! डबा लपवला मी, आन कर्म तिचं?

शेजारी ज्ञानबा मास्तर. बौद्ध माणूस, लई वाचलेला. म्हणले, "रामहरी, आत्मा-बित्मा काही नसतो. सगळं अनित्य. तृष्णा हेच दुःखाचं मूळ, धरून बसू नकोस." म्हणलं, मास्तर, चाळीस वर्सं धरलेला हात दीड म्हयन्यात सोडू? मास्तर चष्मा पुसत बसले. मग कुटं गेली ती, एवढंच सांगा की!

शेवटी फोनवर अजिंक्यच्या जपानी बायकोला, आमच्या सुनबाईला इचारलं, हारुका तिचं नाव. ती बोलतीया, पोरगं मराठी करून सांगतंय. "आप्पा, हिच्या माणसांत लेकरू झालं की शिंतो देवळात न्यायचं, आन माणूस गेलं की बुद्धाच्या देवळात." म्हणलं, दोन्हीकडं? भांडणं हुत न्हाईत? "न्हाय वो! शिंतोत झाडात देव, डोंगरात देव. घरचं गेलेलं माणूस बी देव हुतं, घराच्या आसपासच ऱ्हातं. आन घरात बुद्धाच्या देव्हाऱ्यात त्येच्या नावानं रोज सकाळी भात आन च्या ठिवायचा."

च्या! मी तसाच मास्तरांकडं पळालो. "मास्तर, तुमच्या बुद्धाकडं आत्माच न्हाय, मग त्यांच्या बुद्धाकडं च्या कोण पितंय?" मास्तर हसले न्हाईत. म्हणले, "देश बदलला की रीत बदलते, रामहरी. पण माणूस गेल्यावर घर सगळीकडं सारखंच रिकामं होतं."

तवापासून रोज सकाळी तिच्या फोटोपुढं कप ठिवतो. दोन चमचे साखर! म्हणतो, पी गं, आता कोण आडवतंय तुला? भटजी म्हणत्यात पोचतो, मास्तर म्हणत्यात पोचत न्हाय, सुनबाई म्हणती ती हितंच हाय. मी बघत बसतो... साय धरती, गार हुतो. आन टाकून द्यायला कुणाचाच धर्म सांगत न्हाय, म्हणून मग मीच पितो.

गेल्या हप्त्यात, तुमाला सांगतो, डॉक्टरांनी मला बी शुगर सांगितली. आता साखर बंद म्हणले. बंद तर बंद... पण माझ्यापास्नं डबा लपवायला घरात हाय कोण?