पातूरच्या एक्स्चेंजची तहान

मुंबईच्या साहेबाला मी एकदाच गप्प केलंय, तेवढं ऐका. तेव्हा मी लाइनमन होतो. पातुरात पहिलं टेलिफोन एक्स्चेंज बसवत होतो, तेही भर मे महिन्यात. अकरा वाजता तहसीलदार अकोल्याला पहिला फोन लावणार होते, आणि दहा वाजले तरी पलीकडे घंटी वाजेना. साहेबांनी बोर्ड तीनदा उघडला, तारा बदलल्या आणि शेवटी वैतागून म्हणाले, "मशीनच खराब आहे. परत पाठवा."

मी बाहेर जाऊन जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई पाहिली. काळी माती उन्हाने भेगाळून सळईपासून बोटभर सुटली होती. लाइनला तार एकच, विजेची परतीची वाट जमिनीतूनच; सळईला माती लागतच नव्हती, मग फोन चालणार कसा? विहिरीचं पाणी आणून मी दोन बादल्या तिथे ओतल्या.

साहेब खिडकीतून ओरडले, "इथे मशीन बंद आहे आणि तू झाडांना पाणी घालतोस?"

"झाडाले नाई साहेब, जमिनीले पाजून राहिलो. आता फिरवा हँडल!"

त्यांनी रागारागाने फिरवलं. पलीकडून खणखणीत आवाज आला, "हॅलो, अकोला बोलतोय!"

साहेबांनी हळूच विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात आहे रे?"

"आमच्या वावरात हाय, साहेब. लिहून घ्या."

आणि खरंच, त्यांनी डायरी काढली.