ताईच्या फ्लेक्सवरचा अँड

इंग्रजीत अँडनं वाक्य सुरू करायचं नाही, हे ठरवलं कोणी? आठवीत सरांना विचारलं, तर त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी माझी ताई मात्र म्हणायची, "चालते रे, बिनधास्त लिही."

मागच्या महिन्यात ताई गेली. तेरवीच्या आदल्या दिवशी तिचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायला मी नांदुऱ्याला गेलो. फोटोखाली तिचंच वाक्य सांगितलं, "अँड नाऊ, स्माइल!" शिकवणी सुटताना ती पोरांना रोज तेच म्हणायची.

फ्लेक्सवाला म्हणाला, "अँडनं वाक्य सुरू होत नाही, भाऊ. काढून टाकतो, नाही तं लोकं हसतीन."

श्रद्धांजलीत स्माइल त्याला चालत होतं, अँड नाही! मी त्याची कॉलरच धरली. "तुले काय समजते बे इंग्रजीतलं?"

"तुमचं शिक्षण किती?"

"आठवी नापास."

सगळं दुकान हसलं. मी कॉलर सोडली, पण अँड सोडला नाही.

"छापतो," तो म्हणाला, "पण कोपऱ्यात माह्या दुकानाचं नाव टाकणार नाही."

सकाळी आमच्या सोनाळ्याच्या स्टँडवर खांबावर चढून मीच तो फ्लेक्स बांधला. वाऱ्यानं ताईचा चेहरा दुमडू नये म्हणून सुतळ्या सोडल्या आणि पुन्हा ताणून बांधल्या.