निळं चढण्याआधी

मनमोहन : पितळी चमचा नको गं! काचेची कांडी घे. सोनं त्या चमच्यालाच बसलं, तर फोटोला काय उरणार?

राजलक्ष्मी : कांडीच आहे हो हातात. बघा तरी.

मनमोहन : हो का? मग ढवळ सावकाश. औषधाची पूड सगळी विरघळू दे, मग सोन्याचं पाणी थेंबाथेंबानं सोड. बाटली पुरती निथळून घे. बाहेरून माल यायचा बंद झालाय.

राजलक्ष्मी : घेतली निथळून. पाठ मोडली माझी उभी राहून. डाळ शिजायचीय, आणि शेगडी तुम्ही अडवून बसलात.

मनमोहन : कोमट लागतं त्याला. हं, सोड फोटो. अलगद! निगेटिव्हची काच फुटली, रघुवीरचा हा एकच उरलाय.

राजलक्ष्मी : सकाळपासून चौथ्यांदा सांगताय.

मनमोहन : परवा वर्षश्राद्ध त्याचं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून एकुलता एक पोरगा गेला, राधाबाईंपाशी दुसरं आहे काय? आपल्या गिरगावच्या खाऱ्या हवेत साधा फोटो पाच-सात वर्षांत पिवळा पडतो. सोनं चढलं, की त्यांच्यामागेही राहील.

राजलक्ष्मी : काढा आता.

मनमोहन : इतक्यात? अजून तपकिरीच आहे.

राजलक्ष्मी : तपकिरी केव्हाच गेलं. छान काळा आलाय. काढा.

मनमोहन : चाळीस वर्षं स्टुडिओत हेच केलं मी. सावलीत किंचित निळं दिसलं, की काढायचं.

राजलक्ष्मी : दिसायला लागलंय निळं.

मनमोहन : मला नाही दिसत.

राजलक्ष्मी : तेच सांगतेय. तुम्हाला नाही दिसत.

मनमोहन : म्हणजे?

राजलक्ष्मी : म्हणजे मोतीबिंदू. चहातून बघावं तसं बघता तुम्ही. दिवाळीपासूनचे सगळे फोटो निळे करून ठेवलेत. लोक परत आणून देतात, मी गोड बोलून वाटेला लावते. थकले हो मी.

मनमोहन : राधाबाईंनी पहिला परत केला... तो फ्रेमच्या काचेला चीर गेली म्हणून ना?

राजलक्ष्मी : काच धड होती. त्या म्हणाल्या, 'इस्पितळातून आणला तेव्हा अस्साच दिसत होता.'

(मनमोहन हातातला चिमटा तिच्यापुढे धरतो.)

मनमोहन : घे. काढ लवकर.

राजलक्ष्मी : काढला. पाण्यात सोडला.

मनमोहन : कसा झालाय? माझं मन राखू नकोस.

राजलक्ष्मी : नोकरी लागली तेव्हाचा नवा कोट. हसू दाबून बसलाय लबाड. चांगला झालाय हो, खरंच.

मनमोहन : इतके दिवस बोलली का नाहीस?

राजलक्ष्मी : कसं बोलणार? घरी बसल्यापासून दुसऱ्या कशात जीवच रमत नाही तुमचा. तेवढंही काढून घ्यायचं?

मनमोहन : वाळला, की मीच नेऊन देतो राधाबाईंना. पहिला माझ्या हातून बिघडला, हेही सांगतो.

राजलक्ष्मी : सांगा. दोन दारं तर पलीकडे.

मनमोहन : तू चल बरोबर. आवडला की नाही, ते त्या बोलून दाखवायच्या नाहीत. चेहऱ्यावर दिसेल. ते तू बघ.