मुक्या टाळ्या

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या नवजात विभागाचे प्रमुख डॉक्टर, व्यासपीठावर बसलेल्या मोठ्या सिस्टर, व्यवस्थापनातले मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती अंगाईबाई, माझे सहकारी, आणि ज्यांची बाळं कधीकाळी आमच्याकडे झोपली, निदान झोपायचा प्रयत्न करत होती, ते सगळे आईवडील आणि ती बाळं, सर्वांना माझा नमस्कार.

मी या विभागातली यंत्रं सांभाळते. लोक माझ्याशी बोलायला येतात तेव्हा काहीतरी बंद पडलेलं असतं. त्यामुळे सगळं सुरळीत चालू असताना बोलायची मला सवय नाही. आजचं भाषण तू कर, असं मोठ्या सिस्टरनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, मीच का? त्या म्हणाल्या, "तू रडणार नाहीस म्हणून." कारण पटण्यासारखं होतं. मी हो म्हटलं.

मघाशी अंगाईबाई व्यासपीठावर आल्या तेव्हा सभागृहातल्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निम्म्यांनी दोन्ही हात वर करून नुसते पंजे हलवले. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं आहे. त्याचा खुलासा आधी करते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आमच्या विभागाच्या टोकाला एक खोली आहे. तिथले पडदे कायम ओढलेले असतात, दाराच्या बिजागरीला तेल मी स्वतः घालते आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. या खोलीतल्या बाळांना पोटात असतानाच अफूच्या जातीच्या औषधांची सवय लागलेली असते. कुणाच्या आईला अपघातानंतर दिलेल्या वेदनाशामक गोळ्या सुटल्या नाहीत, कुणाची आई त्या सवयीवरच डॉक्टरांकडून उपचार घेत होती. नाळ कापली की बाळाला मिळणारं ते औषध थांबतं, पण बाळाचं शरीर ते मागत राहतं. मग बाळ थरथरतं, कर्कश रडतं, शिंकतं, भूक असून दूध ओढू शकत नाही, आणि भांडं पडलं तर सोडाच, कागद फाडला तरी दचकतं. म्हणून त्या खोलीत टाळी वाजवायची नाही. आनंद झाला तर पंजे हलवायचे. आम्ही याला मुक्या टाळ्या म्हणतो.

त्या खोलीच्या भिंतीवर मी एक दिवा बसवला आहे. तो आवाज मोजतो. शांतता असली की हिरवा, आवाज वाढला की पिवळा, आणि हद्द झाली की लाल. अध्यक्ष महोदय, हा दिवा आजवर सर्वाधिक वेळा आपल्या हसण्यानं लाल झालेला आहे. हे मी टीका म्हणून नाही, तांत्रिक माहिती म्हणून सांगते.

अशा खोलीत एक दिवस संगीतोपचारासाठी नेमलेल्या एक बाई गिटार घेऊन आल्या. आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी दारात उभी राहिले आणि माझ्या दिव्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तिथंच एक तार छेडली. आवाज आला, पण गोधडीतून आल्यासारखा. मी म्हटलं, गिटार बिघडलंय, द्या इकडे, बघते. त्या म्हणाल्या, "नको गं, मुद्दाम बिघडवलंय." गिटारच्या पोटात त्यांनी जुनं पातळ कोंबलं होतं. दिवा हिरवा तो हिरवाच.

अंगाईबाई हे नाव सिस्टर लोकांनी ठेवलं, आणि ते कौतुकानं ठेवलं नव्हतं. इथे एकेका सिस्टरला चार-चार रडणारी बाळं, आणि या बाई गाणार! पण अंगाईबाई बाळाला गाणं ऐकवतच नसत. त्या आधी नुसत्या बघत. बाळ ज्या वेगानं श्वास घेतंय, त्याच वेगानं गुणगुणायला लागत. घाबरलेल्या माणसाबरोबर आधी दोन पावलं धावायचं, मग त्याच्या नकळत चालायला लागायचं, असं त्या सांगत. गुणगुणणं कणभर मंद करायचं. बाळ मागोमाग आलं तर आणखी कणभर. नाही आलं तर आपणच परत मागे जायचं. मी यंत्रांचं शिक्षण घेतलेली मुलगी. मला हे ऐकून बरं वाटलं, कारण यात कुठेही जादू नव्हती.

आता एका बाळाची गोष्ट सांगते. तिच्या आईची परवानगी घेतली आहे. बाळाला सगळे शिंकूबाई म्हणत, कारण ती एकदा शिंकायला लागली की थांबत नसे.

शिंकूबाईची आई शिवणकाम करते. पाठीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी तिला धरलं होतं, आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी ती उपचार घेत होती, नेमानं. बाळाला पाहायला ती पहिल्यांदा आत आली तेव्हा आनंदानं जरा मोठ्यानं म्हणाली, "आले गं बाई मी." बाळाचे दोन्ही हात हवेत उडाले आणि ते किंचाळायला लागलं. आपल्या आवाजानंच पोरीला त्रास होतो, हे त्या बाईनं मनाशी पक्कं केलं. त्यानंतर ती रोज यायची, खुर्ची भिंतीला लावायची आणि तोंड मिटून बसायची. बाळाला हात लावायची नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टर आणि बालकल्याणवाल्यांची बैठक व्हायची होती. बाळ कुणाबरोबर घरी जाणार, ते तिथे ठरणार होतं. आईनं आधीच सांगून टाकलं होतं, माझ्या ताईला द्या, माझ्याजवळ ती शांत होत नाही. ताई, म्हणजे थोरली बहीण, तिथेच होती. तिला कुजबुजता येत नाही, पण माझ्या दिव्याच्या धाकानं ती प्रयत्न करायची. ती म्हणाली, "सांभाळायला माझी ना नाही. पण पोरीनं उद्या विचारलं, आई कुठेय, तर काय सांगू? भिंतीशी बसलीय म्हणून?"

मी तेव्हा शेजारच्या खाटेचा पडदा, म्हणजे यंत्राचा पडदा, दुरुस्त करत होते. दुसऱ्यांचं बोलणं मी ऐकत नाही. पण कान बंद करायची सोय अजून निघालेली नाही.

अंगाईबाईंनी खुर्ची ओढली ती बाळाकडे नाही, भिंतीकडे. आईशेजारी बसून विचारलं, गाता का? आई म्हणाली, माझ्या गाण्यानं दूध नासेल. मग शिवताना तोंड बंद असतं का? यावर ताईला राहवलं नाही. कुठलं बंद, म्हणाली, मशीनवर बसली की हिचं हूं हूं हूं चालू, डब्यात माशी अडकल्यासारखं, शेजारणी वैतागतात.

"पोटात होती तेव्हाही शिवत होता?"

शेवटपर्यंत, असं आईनं सांगितलं.

"मग हिला ते एकच गाणं येतं," अंगाईबाई म्हणाल्या. "तेच म्हणू."

आईला उठवायला वेळ लागला. एक तळवा बाळाच्या छातीवर, दुसरा पायांशी, हलवायचा नाही, नुसता ठेवायचा. आणि बाळाच्या श्वासाबरोबर हूं हूं. भरभर, कारण श्वास भरभर होता. ताई माझ्या दिव्यावर पहारा देत होती. थोडा वेळ बरं चाललं. मग आईनं घाईनं एकदम वेग कमी केला, बाळ दचकलं, मुठी आवळल्या, रडू फुटलं. आईनं हात मागे घेतला. मी सांगितलं होतं, म्हणाली.

अंगाईबाई हसल्या. "दोरा तुटला. शिवणारीला दोरा तुटल्याचं काय कौतुक? ओवा परत."

परत हात, परत हूं हूं. मुठी अजून घट्टच होत्या. तेव्हा अंगाईबाईंनी तिच्या कानाशी विचारलं, "शिवण कोपऱ्याशी आली की पाय काय करतो?"

"सैल सोडते."

"मग आता कोपरा आलाय."

आईचं हूं हूं सैल होत गेलं. बाळाच्या खाटेजवळच्या यंत्रावर त्याच्या श्वासाची रेघ होती, काटेरी कुंपणासारखी. ती रेघ आधी तशीच राहिली. मग एक काटा बुटका झाला. मग शेजारचा. मग रेघ अशी आली की जणू कुणी इस्त्री फिरवली. एवढ्यात आमचे प्रमुख डॉक्टर आत आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, आणि आयुष्यात प्रथमच हळू आवाजात विचारलं, "तार निघालीय का?"

आमच्या धंद्यातला हा नेहमीचा घोटाळा आहे. रेघ शांत दिसली की आम्ही आधी तार तपासतो. मीही तपासली. तार जागेवर होती. मुठी उघडल्या होत्या. शिंकूबाई झोपली होती, आपल्या आईच्या हाताखाली, आपल्या आईच्या आवाजात.

गाण्यानं बाळ बरं झालं, असं मी म्हणणार नाही. औषधाचे थेंब चालू होते, ते हळूहळू कमी केले गेले. अंधार होता, आईची ऊब होती, सिस्टर होत्या. वाईट दिवसही आले. पण त्या बैठकीत आईला विचारलं गेलं, तुम्हाला ती शांत करता येते का, तेव्हा ती बाई काही सिद्ध करत बसली नाही. "चला, दाखवते," म्हणाली. सगळी बैठक चपला काढून तिच्या मागोमाग त्या खोलीत गेली. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.

शिंकूबाई घरी निघाली तेव्हा आम्ही दारापासून जिन्यापर्यंत दोन रांगांत उभे होतो आणि सगळे पंजे हलवत होतो. ताईला हा रिवाज माहीत नव्हता. तिनं जोरात टाळी वाजवायला हात उचलले, ते मोठ्या सिस्टरनी वरच्या वर पकडले. दोघी तशाच, हातात हात घालून, जिना उतरल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल, फुगडी चालली आहे.

अंगाईबाई, तुमच्यानंतर हे काम बंद पडणार नाही. तुम्ही सिस्टरना शिकवलंत, आयांना शिकवलंत. एका यंत्रवालीला तुम्ही गुणगुणायला लावलंत, त्याबद्दल मी इथे अधिक काही बोलणार नाही. गिटार मात्र ठेवून जा. बिघडलं तर दुरुस्त करायला मी आहे, आणि दुरुस्त झालं तर पुन्हा पातळ कोंबायलाही मी आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. संयोजकांनी मला ध्वनिक्षेपक चालू स्थितीत दिला, त्यांचे विशेष आभार. बोलण्यात कुठे खरखर आली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, अध्यक्षांच्या हसण्याचा उल्लेख त्यांना लागला असेल, तर ते सगळं पोटात घालावं.

एकच विनंती उरली आहे. इतकी वर्षं या बाईंच्या वाट्याला मुक्या टाळ्याच आल्या. आज त्यांना सगळ्यांच्या खऱ्या टाळ्या मिळाव्यात, असं मला वाटत होतं. पण दुसऱ्या रांगेत, पिवळ्या फ्रॉकमध्ये, शिंकूबाई बसली आहे. हो, तूच. हात वर केलास ते बरं केलंस. आता ती शाळेत जाते. तरी कार्यक्रमाआधी मी तिच्या आईला गाठून विचारलं, लोकांना हळू वाजवा म्हणून सांगू का?

ती हसली. म्हणाली, "वाजवू द्या हो. आता नाही दचकत ती."

तर मंडळी, होऊ द्या. जोरात.