बूटपॉलिशची मिशी

बसच्या रांगेत दोघी बहिणी चौकातल्या नव्या पुतळ्याकडे बघत उभ्या होत्या. लढाईत गेलेला थोरलीचा मुलगा तिथे पितळेचा होऊन उभा होता. तो घडवणारा मूर्तिकार नेमका त्यांच्या मागेच होता. घरच्यांकडून कौतुक कानावर पडेल म्हणून तो हळूच अर्धं पाऊल पुढे सरकला.

“ताई, तुझ्या लेकाला मिशी कधी फुटली गं?”

“कुठली फुटतेय. शेवटपर्यंत गाल लोण्यासारखे होते.”

“मग ही कुठून आली?”

“बूटपॉलिशची आहे ती. मला बनवायला छावणीतून फोटो पाठवला होता. मागे लिहिलं होतं, आई, आता तरी मला चारचौघांत बाळ्या म्हणू नकोस.”

“आणि तू पुतळ्यासाठी तोच फोटो दिलास?”

“मग काय करू? बाकी सगळ्यांत जीभ बाहेर काढलीय कार्ट्याने.”

मूर्तिकाराने टोपी डोळ्यांवर ओढली. सगळ्यात जास्त जीव त्याने त्या मिशीतच ओतला होता.

“काढून टाकायला सांगू या का?”

“नको, असू दे. मी फसल्याचं सोंग करून त्याला लगेच कळवलं होतं, मिशी शोभते हो तुला. त्याच आठवड्यात तो गेला. माझं पत्र पोचलं की नाही, कोण जाणे.”

धाकटी पुतळ्याकडे बघत राहिली.

“पोचलं असणार, ताई. त्याशिवाय का मिशीला एवढा पीळ दिलाय?”

फोटोतली मिशी सरळच होती. पीळ मूर्तिकाराने पदरचा घातला होता. तो हळूच अर्धं पाऊल मागे सरकला.