आत्याचं सोवळं आणि अँब्युलन्स

आत्याचं नाव निघालं की माझी मान आजही ताठ होते. कुंभकोणमला आमच्याकडे ती सोवळ्यात असली की आम्हीही लांब उभे राहायचो. एकदा ती नैवेद्य रांधत होती, अन् नारळ उतरवणारा चिन्नप्पा परसातल्या माडावरून पडला. आत्या तशीच समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरली, फोन उचलून तमिळमध्ये ओरडली, "अँब्युलन्स पाठवा!" गाडी आली, तशी चिन्नप्पाचं डोकं मांडीवर घेऊन तीही आत बसली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "तुमचा कोण?"

"भाऊ."

चिन्नप्पा शुद्धीवर आल्यावरच ती घरी परतली. वडील दारातच उभे. "सोवळं मोडलंस! देव उपाशी राहिला."

"उपाशी का राहिलो, ते देवाला केव्हाच कळलंय, अण्णा," आत्या म्हणाली. "कळायचं तेवढं तुम्हालाच राहिलंय."